लाल-पांढरी सॉकेट : प्रस्तावना

जुना स्टिरिओ घरात गप्प होतो, तो बहुधा वाजवायला काही उरत नाही म्हणून. कॅसेटी बुरशीने चिकटतात, डेकचा रबरी बेल्ट विरघळून काळा चिकटा होतो, रेकॉर्ड प्लेअरची सुई मिळेनाशी होते, मिडियम वेव्हवर खरखरीपलीकडे काही लागत नाही. घरातली गाणी तोवर फोनमध्ये गेलेली असतात. पण अँप्लिफायर आणि स्पीकर, म्हणजे आवाजाचे खरे काम करणारी जोडी, कितीतरी घरांत अजून ठणठणीत आहे. तिच्यावर कापड घालून वर फुलदाणी ठेवलेली असते, एवढेच. हे पुस्तक त्या जोडीसाठी लिहिले आहे. फोनमधला आवाज ब्लूटूथने जुन्या सेटपर्यंत कसा न्यावा आणि जुन्या टीव्हीचा आवाज ब्लूटूथनेच म्हाताऱ्या माणसाच्या कानापर्यंत कसा पोचवावा, हा त्याचा विषय.

माझे मत पहिल्याच पानावर सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणे त्याच्यावर उभी आहेत. जुन्या सेटला ब्लूटूथ जोडायचे ते बाहेरून, कंपनीने किंवा कारागिराने मागच्या बाजूला ठेवलेल्या सॉकेटातून. पॅनल कापायचे नाही, डेक उपटायचा नाही, आतल्या तारांना हात घालायचा नाही. ब्लूटूथची पद्धत काही वर्षांनी बदलेल, तेव्हा बाहेरची डबी काढून दुसरी लावता आली पाहिजे. कापलेले पॅनल मात्र परत मिळत नाही.

पुस्तकातली बरीच उदाहरणे सुंदरपेरुमाळ कोयिल या गावातली आहेत, याचे पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवल वाटेल. ते माझे आजोळ. कुंभकोणमहून तंजावरकडे निघालेली गाडी स्वामीमलै सोडते आणि पापनाशमच्या अलीकडे या छोट्या स्टेशनावर थांबते. एकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि भोसल्यांचे राज्य तिथे १८५५पर्यंत टिकले. त्या काळात दक्षिणेत आलेली मराठी घरे कावेरीच्या काठाकाठाने वसली. बडोद्याचे आणि इंदूरचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमलाच. अशा घरांत मराठी आजही बोलली जाते, बाहेर दारात पाऊल टाकले की तमिळ सुरू होते, आणि गाणे दोन्हीकडचे चालते.

गाणे ऐकणे हा त्या पट्ट्यात फावल्या वेळचा उद्योग नाही. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना होते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती म्हणतात. ती भरवणाऱ्या त्यागब्रह्म महोत्सव सभेचे अध्यक्षपद सांभाळलेले जी. के. मूपनार सुंदरपेरुमाळ कोयिलचेच. महाराष्ट्रात त्यांचे नाव माहीत आहे ते काँग्रेसचे पुढारी आणि १९९६ साली तमिळ मानिल काँग्रेस काढणारे म्हणून. गावात त्यांची आठवण निघते ती आराधनेच्या संदर्भातही. तिरुचिरापल्लीचे आकाशवाणी केंद्र १६ मे १९३९ रोजी सुरू झाले, आणि तेव्हापासून खोऱ्यातल्या घरांना संध्याकाळची कचेरी, म्हणजे तिकडची मैफल, घरबसल्या मिळू लागली. पुढे कॅसेटी आल्या. आजोळच्या कपाटात मद्रासच्या ‘संगीता’ कंपनीच्या कॅसेटींच्या शेजारी भीमसेन जोशींचे अभंग उभे असत, आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नसे. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतल्या भजनपरंपरेला जी घडण दिली तिच्यात तुकोबा-नामदेवांच्या अभंगांना मानाची जागा आहे. तमिळ भागवत मंडळी ते अभंग आपल्या वळणाने, पण तन्मय होऊन म्हणतात. पलीकडे गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचे मोठे देऊळच आहे.

हे सगळे आता फोनवर मिळते. कुठल्याही आराधनेचे ध्वनिमुद्रण, कुठल्याही बुवांचे भजन. पण फोनचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा. खालचे सूर काढायला जेवढी हवा हलवावी लागते तेवढी त्याला हलवताच येत नाही. मृदंगाच्या डाव्या अंगाला तिकडे तोप्पी म्हणतात; त्यातून निघणारा भरदार घुमारा फोनवर जवळजवळ नाहीसा होतो. तंबोऱ्याचा षड्ज नुसता सुचवल्यासारखा राहतो. नागस्वरम् तर पिपाणीसारखे कर्कश लागते. आठ इंची कागदी कोनाचा जुना स्पीकर ही हवा सहज हलवतो, आणि तो स्पीकर त्याच खोलीत, त्याच फोनपासून चार हातांवर, कापडाखाली झाकलेला असतो. या दोन वस्तू एकमेकींशी बोलत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. पुस्तक लिहायला बसलो ते त्यामुळे.

मामांच्या घरातला सेट बाजारातल्या कंपनीचा नव्हे. कुंभकोणमला एका कारागिराकडून करवून घेतलेला तो ‘असेंबल’ अँप्लिफायर आहे. तमिळनाडूत ही परंपरा जोरात होती, आपल्याकडे लॅमिंग्टन रोडच्या आणि बुधवार पेठेच्या आधाराने होती तशीच. आत लोखंडी पत्र्यावर भारी ट्रान्सफॉर्मर, मागे पंखासारख्या हीट-सिंकवर बसवलेले २एन ३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर, पुढे बास आणि ट्रेबलची दोन मोठी बटणे. हा ट्रान्झिस्टर इतका दणकट आणि इतका सर्रास वापरला गेलेला आहे की तो आजही दुकानात मिळतो. म्हणून असा अँप्लिफायर सहसा कायमचा मरत नाही. फार तर त्याचे फुगलेले कपॅसिटर बदलावे लागतात, आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवताना चरचर आली तर त्यात क्लीनरचा फवारा मारावा लागतो. स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड मात्र दमट हवेत चुरा होते. कापडी कड असेल तर ती टिकते. कावेरीच्या खोऱ्यात आणि कोकणात हा फरक डोळ्यांना दिसतो.

मामांच्या अँप्लिफायरच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेली तीन नावे आहेत : फोनो, टेप, ऑक्स. प्रत्येकाखाली एक लाल आणि एक पांढरे गोल सॉकेट. याला आरसीए म्हणतात, कारण अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेने १९३०च्या दशकात ही पिन वापरात आणली. इतक्या वर्षांत तिचा आकार बदललेला नाही. ब्लूटूथ रिसीव्हर नावाची जी काडेपेटीएवढी डबी बाजारात मिळते तिच्यातून बाहेर पडणारा आवाजही शेवटी लाल-पांढऱ्या पिनांनीच येतो, किंवा फोनच्या जुन्या इअरफोनसारख्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून. एका टोकाला हा जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेली कॉर्ड कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. लाल ते उजवे, पांढरे ते डावे. बाकी काही जोडायचे नाही.

मात्र कुठल्या सॉकेटात जोडायचे हे नीट पाहावे लागते. फोनो हे सॉकेट रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी राखलेले असते. चुंबकी सुईचा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा. म्हणून फोनोच्या आत एक वेगळा, तीव्र प्रवर्धक बसवलेला असतो, आणि तो खालचे सूर मुद्दाम उचलतो व वरचे दाबतो, कारण रेकॉर्ड कोरताना याच्या उलट केलेले असते. रिसीव्हरचा सिग्नल याच्या शेकडो पट मोठा. तो फोनोत घातला की घोगरा, फाटलेला, बासने सुजलेला आवाज येतो. घरातले म्हणतात, ‘ब्लूटूथ भिकार आहे,’ आणि डबी फेकून देतात. ऑक्स, टेप-इन, सीडी, ट्यूनर यांपैकी काहीही चालते. फोनो नाही. असेंबल सेटवर नावे पुसट झालेली असली तर आधी व्हॉल्यूम पार खाली ठेवून एकेक सॉकेट तपासावे.

फिलिप्सच्या आणि युरोपीय वळणाच्या जुन्या सेटांवर आरसीएच्या जागी पाच पिनांचे एक गोल डिन सॉकेट दिसते. पुष्कळ लोक ते पाहून सेट बाद ठरवतात. त्याची गरज नाही. मधली पिन अर्थिंगची. टेपच्या सॉकेटात तिच्या एका बाजूच्या दोन पिनांतून आवाज रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूच्या दोन पिनांतून आत येतो. आपल्याला हवी आहे ती आत येणारी जोडी. डिन ते आरसीए अशी तयार कॉर्ड मिळते, फक्त विकत घेताना ती प्लेबॅकच्या पिनांना जोडलेली आहे ना, हे विचारून घ्यावे. यावर पुस्तकात आकृतीसह अख्खे प्रकरण दिले आहे, कारण महाराष्ट्रात असे सेट घरोघरी आहेत आणि निव्वळ या एका सॉकेटापायी भंगारात जात आहेत.

ज्या टू-इन-वनला मागे कुठलेच इनपुट नाही, त्याच्यासाठी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर आहे. तो कॅसेटसारखा आत सरकवायचा. त्यातले छोटे चुंबकी हेड डेकच्या हेडला आवाज देते. यासाठी डेकचे हेड शाबूत लागते, टेप ओढण्याची ताकद फारशी लागत नाही. एफएम बँड असेल तर छोटा एफएम ट्रान्समीटरही चालतो, पण शहरात मोकळी जागा मिळणे कठीण, आणि मला त्याची शिफारस करावीशी वाटत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी एका गोष्टीचा उलगडा झाला पाहिजे : आवाज कुठून कुठे जाणार? फोनकडून स्टिरिओकडे जायचा असेल तर स्टिरिओला रिसीव्हर हवा. टीव्हीकडून हेडफोनकडे जायचा असेल तर टीव्हीला ट्रान्समीटर हवा. डब्या दिसायला सारख्या, दुकानदार दोन्हींना ‘ब्लूटूथ’ म्हणतो, आणि निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. दोन्ही कामे करणाऱ्या डब्याही मिळतात. त्यांच्यावर आरएक्स आणि टीएक्स असे बारीक अक्षरांचे बटण असते, ते आपल्या कामाच्या बाजूला असल्याची खात्री करावी.

आवाज बाहेर येऊ लागला की हमिंग येते. सर्वांना येत नाही, पण ज्यांना येते ते वैतागतात. गाण्याच्या मागे सतत घूंऽऽ असा आवाज, किंवा फोन काहीतरी शोधत असताना टिकटिक. बहुतेक वेळा दोष रिसीव्हरचा नसतो, त्याला वीज देणाऱ्या पाच व्होल्टच्या चार्जरचा असतो, किंवा टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेतल्यामुळे अर्थिंगचे वर्तुळ तयार झालेले असते. तपासण्याची रीत सोपी : चार्जर काढा आणि तीच डबी पॉवर बँकेवर चालवा. हमिंग गेली, तर गुन्हेगार सापडला. मग एक तर चांगला चार्जर घ्यावा, किंवा कॉर्डच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी नळी जोडावी. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते आवाज पुढे जाऊ देतात, घूं अडवतात. पॉवर बँकेवरही हमिंग राहिली तर ती अँप्लिफायरचीच, आणि तिथे कारागिराची गरज आहे.

डबी ठेवायची कुठे, हेही महत्त्वाचे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. त्याच पट्ट्यात घरातले वायफाय असते आणि मायक्रोवेव्हही गळते. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० उड्या मारते आणि जी वाहिनी व्यापलेली दिसेल ती टाळते. ही युक्ती चांगली चालते, पण लोखंडापुढे तिचे काही चालत नाही. डबी अँप्लिफायरच्या पत्र्यामागे किंवा गोदरेजच्या कपाटात कोंबली की आवाज तुटतो. माणसाच्या शरीरातले पाणीही या लहरी शोषते. फोन मागच्या खिशात ठेवून सेटकडे तोंड केले की कधी कधी गाणे अडखळते, त्याचे कारण हेच. डबी सेटच्या वर, मोकळ्यावर ठेवावी. आजोळच्या जाड भिंतींच्या घरात फोन मधल्या अंगणापर्यंत नेता येतो, मागच्या परसापर्यंत नाही.

आता टीव्ही. तमिळनाडूत २००६ साली करुणानिधींच्या सरकारने गरीब घरांना चौदा इंची रंगीत टीव्ही फुकट वाटायला सुरुवात केली, आणि २०११पर्यंत दीड कोटींहून अधिक संच वाटले गेले. काचेच्या पिक्चर ट्यूबचे हे जड टीव्ही खोऱ्यातल्या गावांमध्ये अजून दिसतात. चित्र ठीक, पण स्पीकर एकच आणि तोही कडेच्या जाळीमागे कोंडलेला. आपल्याकडे मुंबईच्या चाळींत किंवा मराठवाड्याच्या गावांत ओनिडा-व्हिडिओकॉनचे जे संच उरले आहेत त्यांची गत वेगळी नाही. अशा टीव्हीबाबत माझा सल्ला ठाम आहे : त्याला उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टांच्या आसपासचा दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. ज्या टीव्हीला मागे एव्ही सॉकेटच नाही त्याची आतली चॅसिस थेट मेन्सशी जोडलेली असू शकते. त्याच्या स्पीकरच्या तारांना कॉर्ड जोडणे म्हणजे घरातल्या माणसाच्या हातात विजेची तार देणे आहे. कुणी कितीही आत्मविश्वासाने सांगितले तरी हे करू देऊ नका.

आणि करण्याची गरजही नाही. केबलचे डिजिटायझेशन १ नोव्हेंबर २०१२पासून मुंबई-दिल्लीत सक्तीचे झाले आणि पुढे देशभर पसरले. त्यामुळे जुन्यात जुन्या टीव्हीपुढेही आज सेटटॉप बॉक्स आहे : आपल्याकडे खासगी कंपन्यांचा किंवा डीडी फ्री डिशचा, तिकडे सरकारी अरसू केबलचा. या बॉक्सच्या मागे पिवळे, लाल आणि पांढरे सॉकेट असते. पिवळे चित्राचे, लाल-पांढरे आवाजाचे. आवाज तिथूनच घ्यायचा. लाल आणि पांढऱ्या पिनेला एकेक दुहेरी जोड, ज्याला दुकानात वाय कॉर्ड म्हणतात, लावला की एक फाटा टीव्हीला जातो आणि दुसरा मोकळा राहतो. अँप्लिफायर टीव्हीच्या शेजारीच असेल तर तो मोकळा फाटा सरळ ऑक्समध्ये जोडावा आणि ब्लूटूथ विसरून जावे. जिथे तार पुरते तिथे तारेइतके चांगले काही नाही. बॉक्सच्या रिमोटचा व्हॉल्यूम भरपूर वर ठेवावा आणि कमी-जास्त करायचे ते टीव्हीवर किंवा अँप्लिफायरवर करावे, नाहीतर सिग्नल दुबळा पडून खरखर वाढते.

नव्या पातळ टीव्हीला डिजिटल आवाजाचे ऑप्टिकल भोक असते, लाल प्रकाश दिसणारे. त्यातून ट्रान्समीटरला आवाज द्यायचा असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडावे लागते. डॉल्बीवर ठेवले तर स्वस्त डबीला ते कळत नाही आणि ती मुकी राहते.

टीव्हीसाठी ब्लूटूथ वापरताना एक अडचण हमखास येते, ती म्हणजे ओठ आणि आवाज यांची फारकत. हिची कारणे समजली तर उपाय आपोआप सुचतात, म्हणून थोडे खोलात जातो. ट्रान्समीटर आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते आकुंचित करतो, हवेतून पाठवतो. एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवावा लागतो. तेवढ्यात गाणे तुटू नये म्हणून हेडफोन आपल्याजवळ थोडा साठा करून ठेवतो आणि साठ्यातून वाजवतो. हा साठा म्हणजेच उशीर. साध्या ब्लूटूथमध्ये तो दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांचा असतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा दोनशे मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ सत्तर मीटरांचे अंतर. देवळाच्या रथोत्सवात वीथीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून तविल वाजवणाऱ्याकडे पाहिले की काठी पडलेली आधी दिसते आणि थाप मागून येते. टीव्हीपुढे हाताच्या अंतरावर बसून तसेच होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत याची मोजमापे आहेत : आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला जाणवू लागते, १८५च्या पुढे गेला की सहन होत नाही. आवाज चित्राच्या पुढे गेला तर मात्र ४५ मिलिसेकंदांनाच खटकते, कारण निसर्गात तसे कधी घडत नाही.

फोनवर चित्रपट पाहताना ही फारकत का दिसत नाही? कारण फोनला उशीर माहीत असतो आणि तो चित्रच तेवढे थांबवतो. जुन्या टीव्हीला चित्र थांबवता येत नाही. म्हणून टीव्हीसाठी कमी उशिराची पद्धत चालवणारा ट्रान्समीटर घ्यावा. ॲप्टएक्स लो लेटन्सी या पद्धतीत उशीर चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मात्र ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांनाही ती यायला हवी. एकालाच येत असेल तर दोघे मुकाट्याने साध्या पद्धतीवर उतरतात आणि ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. बातम्या, मालिका, कीर्तन यांना थोडा उशीर चालून जातो. नृत्याच्या आणि क्रिकेटच्या वेळी चालत नाही.

इतका खटाटोप टीव्हीसाठी कशाला, असे विचारणाऱ्याला मी माझ्या आजीकडे बोट दाखवीन. तिला ऐकू कमी येते. टीव्ही मोठा केला की घर हलते, लहान केला की ती एकटी पडते. समोर चित्र हलते आहे, सगळे हसत आहेत, आणि ती सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. सेटटॉप बॉक्सला ट्रान्समीटर लावला आणि तिच्या कानांवर मऊ गादीचे मोठे हेडफोन बसवले, तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे निवेदकाच्या तमिळ उच्चारातली चूक काढली. टीव्हीचा स्वतःचा आवाज बाकीच्यांसाठी जसाच्या तसा सुरू राहतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बहुतेक श्रवणयंत्रे साध्या ब्लूटूथ ट्रान्समीटरशी थेट जुळत नाहीत. त्यांच्या कंपनीचे वेगळे उपकरण लागते, किंवा यंत्राच्या वरून मावणारे हेडफोन घ्यावे लागतात. २०२० साली जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत श्रवणयंत्रांचा विचार मुळापासून केलेला आहे आणि एकाच ट्रान्समीटरवरून अनेकांनी ऐकण्याचीही सोय आहे. ती घराघरात यायला वेळ लागेल. आजींना थांबायला वेळ नाही.

आवाजाच्या दर्जाविषयी शौकीन मंडळी नाके मुरडतात, त्यांनाही उत्तर द्यायला हवे. ब्लूटूथची सुरुवात १९९४च्या सुमारास स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत झाली ती तारा टाळण्यासाठी, संगीतासाठी नव्हे. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा एकत्र आल्या. स्टिरिओ संगीताची रीत ठरली ती २००३मध्ये. त्यात सर्व उपकरणांना सक्तीची असलेली एसबीसी पद्धत सेकंदाला जास्तीत जास्त ३२८ किलोबिटांच्या आसपास माहिती पाठवते. सीडीवर ती १४११ असते. एवढ्यावरून कुणी म्हणेल की पाऊण गाणे हरवले. तसे होत नाही, कारण कानाला न कळणारा भागच आधी काढला जातो. चांगल्या जुन्या स्पीकरवर, चांगल्या ध्वनिमुद्रणाला, साधी एसबीसी घरच्या झिजलेल्या कॅसेटपेक्षा निर्विवाद सरस लागते. एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक या पद्धती आणखी पुढे जातात. पण मी पैसे खर्च करायचे झाले तर ते आधी स्पीकरच्या फाटक्या कडेवर आणि अँप्लिफायरच्या कपॅसिटरवर करीन. फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण वर ठेवणे आणि बटण अँप्लिफायरचे फिरवणे, या एका सवयीने आवाजात जो फरक पडतो तो महागड्या डबीनेही पडत नाही.

पुस्तकात मी एका प्रकाराविरुद्ध कडक लिहिले आहे. पुढचे पॅनल कापून, डेक काढून टाकून, तिथे यूएसबी-ब्लूटूथ-एफएमचा चमकत्या आकड्यांचा तयार बोर्ड बसवून देण्याचा. स्वस्त पडते, लवकर होते, गिऱ्हाईक खूश होते. एका घरी मी असा सेट पाहिला. सागवानी पेटीचा, गोल काचेमागे सुया असलेल्या मीटरचा. मीटरच्या जागी करवतीने कापलेले चौकोनी भोक होते आणि त्यात निळे आकडे लुकलुकत होते. बोर्ड दोन पावसाळ्यांत बंद पडला, आणि त्याच्या मापाचा दुसरा मिळेना. ज्या कारागिराकडे ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याची, कपॅसिटर ओळखण्याची विद्या आहे त्याच्याकडून ती विद्या विकत घ्यावी. करवत विकत घेऊ नये. कुंभकोणमला काय किंवा बुधवार पेठेत काय, अशी माणसे अजून दुकानात बसलेली सापडतात, आणि त्यांच्याकडे काम गेले तरच ती उद्या बसतील.

व्हॉल्व्हच्या रेडिओंना मी या पुस्तकात जागा दिलेली नाही. ठाण्यात कारखाना असलेल्या मर्फीपासून कितीतरी कंपन्यांचे हे सुंदर संच लोकांनी जपले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर ग्रामोफोनसाठी दोन भोकेही असतात. पण त्यांतले काही ट्रान्सफॉर्मरविना, थेट मेन्सवर चालणारे आहेत. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. त्यांच्या भोकात फोनशी संबंध असलेली कुठलीही तार घालण्यापूर्वी जाणकाराने संच उघडून पाहिला पाहिजे, आणि ते काम छापील सूचनांवर सोपवण्याची माझी तयारी नाही.

बाकी सगळ्यांनी पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी सेट भिंतीपासून पुढे ओढावा, मेन्सची पिन काढावी, पाठीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडावी आणि सॉकेटांचा फोनवर स्वच्छ फोटो काढावा. त्यांच्याखालची अक्षरे वाचता येतील इतका जवळून. स्पीकरच्या तारा काढाव्या लागल्या तर कुठली कुठे होती याच्या चिठ्ठ्या आधी चिकटवाव्यात. दुकानात जाताना तो फोटो दाखवावा, आणि दुकानदाराने डबी पुढे केली की विचारावे : ही आवाज घेते की देते?